रात्रीचे गरवणे बंद नको, पण रबर घरी परत आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाडीच्या धक्क्यांवर अंधार पडल्यानंतर रबरी आमिष लावून मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारे पत्र आपल्या सदरात गेल्या आठवड्यात वाचले. पत्रलेखकांचा राग मला समजतो, आणि त्यातला निम्मा मला मान्यही आहे. परंतु बंदीची मागणी ज्या कारणांवर उभी केली आहे ती कारणे चुकीची आहेत, आणि जे खरे कारण आहे त्याचा पत्रात उल्लेखच नाही, म्हणून हे लिहीत आहे. मी रत्नागिरी तालुक्यातील एका खाडीकाठी राहतो, लहानपणापासून गरवतो, म्हणजे गळ टाकून मासे पकडतो, आणि गेली नऊ वर्षे त्याच रबराने त्याच अंधारात गरवतो. तेव्हा हे आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेले निवेदन आहे असे समजूनच वाचावे.

पहिला गैरसमज दिव्यांचा. 'रात्री दिवे लावून मासेमारी करण्यास कायद्याने बंदी असताना हे लोक बिनदिक्कत दिवे घेऊन बसतात,' असे त्या पत्रात म्हटले आहे. केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली ती एलईडी मासेमारीवर. त्या प्रकारात नौकेवर जनित्र ठेवून हजारो वॅटचे दिवे पाण्यावर किंवा पाण्याखाली पेटवतात, उजेडाला आलेला थवाच्या थवा पर्ससीन जाळ्याने वेढतात आणि एका फेरीत टनावारी मासळी उचलतात. राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती केली आणि दंडाची रक्कम लाखांच्या घरात नेली, ती अशाच मासेमारीला आळा घालण्यासाठी. कपाळाला बांधलेली बॅटरी गाठ मारण्यापुरती लावून लगेच विझवणारा गरवणारा आणि ती नौका यांना एका कलमात बसवणे म्हणजे टाचणी आणि पहार दोन्ही लोखंडाच्या म्हणून एकाच भावाने विकण्यासारखे आहे. शिवाय ज्याला या प्रकारातले कळते तो पाण्यावर उजेड पाडतच नाही, कारण काठावरचा उजेड हलला की मासा काठ सोडतो.

आता हे रबर म्हणजे नेमके काय, ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुकानात त्याला सॉफ्ट प्लास्टिक म्हणतात, आमच्याकडे नुसते रबर. तीन-चार इंचांचा, बोटाने वाकवला तर वाकणारा मासा किंवा कोळंबी. पुढे शिशाची गोळी असलेला गळ, ज्याला जिग हेड म्हणतात. आणि मागे घोड्याच्या नालासारखी चपटी शेपूट. दोरी ओढली की ही शेपूट डावी-उजवीकडे फडफडते, आणि रात्रीचे सगळे गमक त्या फडफडीत आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. पाण्यातली थरथर त्याला त्या रेघेने कळते. डोळ्याला दिसण्याच्या आधी त्याला आमिष 'लागते'. त्यामुळे अंधारात रबर जितके सावकाश आणि एका चालीत ओढावे तितके बरे. रंगाचेही उलटेच आहे. नवखा माणूस रात्र म्हणून चमकणारे, पांढरे, हिरवे रबर घेतो. जुने लोक काळे किंवा गर्द जांभळे घेतात, कारण खालून वर पाहणाऱ्या माशाला आभाळाचा उरलासुरला उजेड दिसत असतो आणि त्यावर काळ्या आकृतीची कड उठून दिसते.

धक्क्यावर ग्रामपंचायतीचा एखादा दिवा असेल तर त्याच्या उजेडात बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे चिंगळे, म्हणजे बारीक कोळंबी, आणि बोयट माशांची पिल्ले येतात, आणि मोठा मासा उजेडात न येता सावलीच्या कडेला, खांबाला अंग लावून उभा राहतो. रबर उजेडातून सावलीत नेले जाते ते याच रेषेवर. भरती सुटून पाणी उतरू लागले की कांदळवनातले छोटे मासे ओहळांच्या तोंडाशी येतात, आणि तेव्हाची अर्धी-पाऊण घटका ही खरी वेळ. माझे आजोबा भरतीची वेळ तिथीची पाऊणपट करून काढत: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मोबाईलवरचे भरतीचे कोष्टक आणि ही पाऊणकी यांत फारसा फरक पडत नाही, थोडेफार मागे-पुढे होते इतकेच. हिवाळ्याच्या तोंडाला काही रात्री पाण्यात सूक्ष्म जीव इतके माजतात की दोरी जिथे पाणी कापते तिथे निळसर रेघ उमटते आणि रबराचा सारा प्रवास डोळ्यांना दिसतो. अशा रात्री मासा फारसा लागत नाही, पण घरी जाववत नाही.

हे सगळे सांगितले ते हौसेची भलामण करण्यासाठी नव्हे. या गरवण्याने खाडी ओरबाडली जात नाही, हे लक्षात यावे म्हणून. एक माणूस, एक गरी (गळाची काठी), एका रात्रीत एखादा मासा. बहुतेक रात्री तोही नाही. आमिषाच्या जिवंत चिंगळांसाठी पाग (फेकायचे जाळे) मारून पाव किलो पिल्ले मारण्यापेक्षा एकच रबर महिनाभर वापरणे खाडीला हलके पडते, असे मी स्वतः वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. गेल्या नोव्हेंबरपर्यंत.

नोव्हेंबरात मला अडीच किलोची तांबोशी लागली. सकाळी मागल्या दारी पत्नी ती साफ करीत होती आणि तिने हाक मारली, "अहो, इकडे या, हिने तुमचंच खाल्लंय." कोथळ्यातून निघालेली वस्तू मी प्रथम ओळखलीच नाही. अंगठ्याएवढी जाड, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली, मूळचा जांभळा रंग जाऊन राखाडी पडलेली. पाण्याखाली धुतल्यावर शेपटीच्या मुळाशी एक आडवा व्रण दिसला. रबर फाटले की टाकून न देता मी उदबत्तीच्या टोकाने दोन्ही कडा डागून चिकटवतो, आणि तसे करणारा आमच्या धक्क्यावर माझ्याशिवाय कोणी नाही. ते रबर माझे होते. खडकात अडकून तुटलेलेही नव्हते. दोन महिन्यांपूर्वी जोड पुन्हा उसवला म्हणून वैतागून मीच ते गळातून उपटून पाण्यात भिरकावले होते. ते मला लख्ख आठवते, कारण त्या रात्री माझा मोठा मासाही सुटला होता. तांबोशीच्या पोटात त्या रबराखेरीज एका कुर्लीच्या नांगीचा तुकडा होता, बाकी काही नव्हते. एरवी त्या आकाराची तांबोशी पोटावर गुबगुबीत असते. ही पाठीच्या दोन्ही अंगांनी बसलेली होती. एका माशावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. पण त्या दिवशीची आमटी मला गेली नाही.

नंतर मी जमेल तेवढी माहिती वाचली. हे रबर वास्तविक रबर नसतेच. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट रसायन, बहुधा थॅलेट वर्गातले, यांचे मिश्रण तापवून साच्यात ओततात. ते तेल वस्तूत पक्के बांधलेले नसते, हळूहळू बाहेर झिरपत राहते. याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायला नको: पत्नीचा एक पारदर्शक कडक प्लास्टिकचा डबा मी रबरे ठेवायला पळवला होता, आणि एका उन्हाळ्यात त्याचा तळ गुळाच्या पाकासारखा चिकट होऊन रबरांसकट एक झाला. डब्याचे प्रकरण आमच्या घरात अजून मिटलेले नाही. पाण्यात गेल्यावर हे पदार्थ कुजत नाहीत, उलट बरेचसे पाणी घेऊन फुगतात; म्हणजे गिळताना मासा जेवढा घास गिळतो त्याहून मोठी गाठ पुढे त्याच्या पोटात राहू शकते. अमेरिकेत ब्रूक ट्राउट जातीच्या माशांवर झालेल्या प्रयोगात तळाशी पडलेली अशी आमिषे मासे आपणहून गिळतात, आणि गिळलेल्या माशांचे वजन घटते, असे आढळले होते. त्या देशाच्या मेन राज्यात २०१३ साली रबरी आमिषांवर बंदी घालण्याचे विधेयकही आले; बंदी झाली नाही, पण राज्याच्या मत्स्य खात्याला या प्रश्नाचा अभ्यास करावा लागला. आपल्याकडे २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा पिशव्या, थर्माकोलची ताटे, चमचे यांची चर्चा गावोगाव झाली. गरवणाऱ्याच्या खिशातला हा चार इंचांचा मासा तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नव्हते. आज असावा.

कारण तो पाण्यात जातो किती मार्गांनी, ते पाहा. तिन्हीसांजेला केंड मासा शेपटीचा अर्धचंद्र कात्रीने कापावा तसा कापून नेतो. मग उरलेले धड निकामी होते आणि ते तिथेच धक्क्यावर पडते, पुढच्या उधाणाला पाण्यात जाते. कालवांचे धारदार शिंपले लागलेल्या खांबाला दोरी घासली की गळ, शिसे आणि रबर असा सगळाच ऐवज तळाला जातो. अंधारात गाठ चुकते आणि फेकता फेकताच रबर सुटून जाते. कांदळाच्या मुळांत तर ओहोटीला पाहिले तर दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांसारखी रंगीबेरंगी रबरे लोंबताना दिसतात. यांतले निम्मे अपघात आहेत, ते टळणार नाहीत. उरलेला निम्मा शुद्ध आळस आहे, आणि रात्रीचा अंधार त्या आळसाला सोयीचा आहे, कारण टाकताना कोणी पाहत नाही. पत्रलेखकांनी अंधारावर ठपका ठेवला. तो या एका बाबतीत योग्य आहे.

शिशाचेही तेच. ब्रिटनमध्ये गरवणाऱ्यांनी टाकलेली शिशाची वजने गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर तिथे बंदी आली. आमचे जिग हेड सात, दहा, चौदा ग्रॅमचे असते, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यातले. टंगस्टनचे मिळते, पण त्याचे भाव पाहता तूर्त कोणी घेईल असे वाटत नाही, मीही घेतलेले नाही.

मच्छीमार बांधवांची तक्रार मात्र वेगळी आहे आणि ती पत्रात यायला हवी होती. हौशी लोक हल्ली विणलेली, म्हणजे ब्रेडेड, दोरी वापरतात. ती केसाएवढी बारीक असते आणि हाताने तुटत नाही. तिचा गुंता होडीच्या पंख्यात गेला की पहाटे निघणाऱ्या माणसाची भरती चुकते. पाण्यात उतरून, सुरीने एकेक फेरा कापत बसावे लागते. लावलेल्या जाळ्यावरून गरी फेकली की जिग हेडचा गळ जाळ्यात रुततो, आणि जाळे ओढणाऱ्याच्या तळहातात घुसेपर्यंत तो अंधारात कोणाला दिसत नाही. आमच्या शेजारच्या एका तांडेलाच्या अंगठ्यातून असा गळ आम्ही काढला आहे. त्या गळाला उलटा काटा होता म्हणून तो आला तसा मागे घेता आला नाही, पुढे ढकलून, टोक बाहेर काढून, पक्कडीने तोडावा लागला. तेव्हापासून मी नवीन गळ घेतला की आधी पक्कडीने त्याचा उलटा काटा चेपतो. त्याने चार मासे जास्त सुटतात. सुटू देत.

आणखी एक गोष्ट, जी ना त्या पत्रात आहे ना आमच्या धक्क्यावरच्या गप्पांत. रात्रीच्या रबराला लागणारा सर्वांत मानाचा मासा म्हणजे जिताडा. आमच्याकडे काही जण त्याला खजुरा म्हणतात, गोव्यात चोणक. रायगडात पेण-अलिबागकडे खारजमिनीतल्या तळ्यांत तो हौसेने पाळतात, आणि पाहुण्याला जिताडा पाठवणे हा तिकडचा मोठा मान. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे ज्या दहा-बारा किलोच्या धुडाबरोबर आपण पहाटे छायाचित्र काढतो ती बहुतेक वेळा मादीच असते, आणि पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी अंडी घालायला आलेली असते. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात यांत्रिक नौका किनाऱ्याला बांधलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही हौशी लोक धक्क्यावर गर्दी करतो, कारण काठावरून गरवणाऱ्याला कोणी अडवत नाही. हे मला पटत नाही, जरी मीही ते केले आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, ते स्वागतार्हच आहे. पण किमान मर्यादेने पिल्लू वाचते, मोठी मादी वाचत नाही. हाच मासा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये बॅरामुंडी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिथे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान तसा १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवता येत नाही, पाण्यात परत सोडावा लागतो. आपल्याकडे नियम होईल तेव्हा होईल. तोवर आषाढ-श्रावणात मोठा जिताडा सोडून द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

अपघातांविषयी पत्रात जे लिहिले आहे ते खरे आहे आणि त्यात मी भर घालत नाही. शेवाळावरून पाय घसरतो, शिंगाळ्याचा काटा लागला की रात्र जाते, आणि खडकावर पुढे गेलेल्याला मागून भरती वेढते हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एकट्याने जाऊ नये आणि लाइफ जॅकेट घालावे. याकरिता कायदा लागू नये.

मग करावे काय? बंदी घातली तर धक्क्यावरचे लोक दिवा नसलेल्या खडकांवर जातील, तिथे अपघात वाढतील आणि रबर टाकताना पाहणारे उरलेसुरले डोळेही नसतील. त्यापेक्षा ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सहकारी संस्थेने प्रत्येक धक्क्यावर एक झाकणाचा पिंप ठेवावा, त्याच्या झाकणाला हात जाईल एवढे भोक असावे, आणि त्यात तुटकी दोरी व फाटके रबर टाकावे, एवढे मराठीत लिहिलेला फलक वर असावा. झाकण हवेच, नाहीतर गुंतलेल्या दोरीत कावळे आणि बगळे अडकतात. आमच्याकडे उघड्या टोपलीचा प्रयोग एकदा झाला आणि तिसऱ्या दिवशी टोपली उचलावी लागली. बंदीकाळात धक्क्यावरून जिताडा मारू नये, एवढा ठराव गावसभा स्वतः करू शकते. गळ-दोरीच्या दुकानदारांनी जुने पाच नग परत आणणाऱ्याला नव्या पाकिटावर थोडी सूट द्यावी. पाच-सहा नगांच्या पाकिटाला दोन-तीनशे रुपये मोजणारा माणूस वीस रुपयांसाठीही फाटके रबर खिशात घालून आणेल, हे मी स्वतःवरून सांगतो.

परत आलेले रबर वाया जात नाही. ते पुन्हा वितळवून साच्यात ओतता येते. आमच्यातला एक जण ते करतो. फक्त ते काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे लागते, भांडे स्वयंपाकाचे नसावे, आणि रबर आधी पूर्ण वाळलेले असावे, कारण पाण्याचा एक थेंब राहिला तरी तापलेला रस अंगावर उडतो. चार रंगांची रबरे एकत्र वितळली की जो मळकट तपकिरी-काळा रंग निघतो तो कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि रात्रीला त्याच्याइतके चांगले रबर मी वापरलेले नाही.

तांबोशीच्या प्रकरणानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली आहे. निघताना रबरे मोजतो आणि आकडा दाराजवळच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो. आल्यावर फाटकी-तुटकीसुद्धा पुन्हा मोजतो आणि किती कमी झाली ते शेजारी लिहितो. नोव्हेंबरपासून आजवर मी एकवीस रबरे पाण्यात घालवली आहेत. त्यांतले एकही मुद्दाम टाकलेले नाही, तरी एकवीस. आमच्या धक्क्यावर शनिवारी रात्री दहा-बारा गऱ्या असतात.

पत्रलेखक महाशयांना माझे निमंत्रण आहे. येत्या वद्य दशमीला भरती साडेसातच्या सुमारास पूर्ण होईल, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल, आणि पाणी भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, असल्याने फार ओढही नसेल. पिंप तोवर ग्रामपंचायतीकडून मिळाला नाही तर मी घरचा घेऊन येईन. झाकणाला भोक पाडून ठेवले आहे. गरी माझ्याकडे दोन आहेत.

आपला,
खाडीकाठचा एक वाचक,
ता. जि. रत्नागिरी